पेचकस उजव्या कानाला

एका बाईने दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा केली, हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी मशीन मेलं — हा किस्सा तुमच्या कानावर आला असेल. हैदराबादेत कॉम्प्युटरच्या धंद्यात ज्यानं उमेदवारी केली, त्यानं तो ऐकलेलाच आहे. कुणी त्यात नारळ फोडतं, कुणी तुपाचं निरांजन लावतं, आणि उदबत्तीची राख मशीनमध्ये पडली हे तर सगळेच सांगतात. हसून झालं? मग आता ऐका. तो किस्सा खोटा आहे. आणि तो खोटा आहे हे फक्त मला माहीत आहे. मी ते कधीच कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढे मनातल्या मनातसुद्धा नाही.

आधीच सांगून ठेवते, रडून दाखवायला मी बसलेली नाही. आपण 'चुकलं हो' म्हणून पदर पसरायचा, समोरच्यानं 'जाऊ दे गं' म्हणायचं, की दोघंही मोकळे — हे मला जमत नाही, आणि पटत तर त्याहून नाही. मी माझ्या पद्धतीनं सांगणार. मध्येच थांबेन, मागे जाईन, तुमच्यावर चिडेनसुद्धा. चालेल? नसेल चालत तर राहू द्या. नक्को.

मला उजव्या कानानं ऐकू येत नाही. कमी नाही — अजिबातच नाही. लहानपणी गालगुंड झालं, ताप चढला, ताप उतरला, आणि त्याबरोबर तो कानही गेला. आम्ही तेव्हा मलकपेठेत राहायचो. आईनं डॉक्टरांना एकदाच दाखवलं आणि घरी येऊन सगळ्यांना बजावलं — ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मुलीची जात! उद्या कोण पत्करणार? झाकली मूठ सव्वा लाखाची. मग मला शिकवणी सुरू झाली. पंगतीत उजव्या टोकाला बसायचं, म्हणजे सगळी माणसं डावीकडे येतात. रस्त्यानं जाताना सोबतच्याला डाव्या हाताला घ्यायचं. नाहीच ऐकू आलं तर हसायचं, पण 'काय?' म्हणून विचारायचं नाही.

मी इतकी पटाईत झाले की सख्ख्या मैत्रिणींना पत्ता लागला नाही. आईला दोष देऊ का? देते की! ती गेली म्हणून देवी झाली नाही. एका कानानं बहिरं असणं ही काही चोरी नव्हे, पण आमच्या घरात ती चोरीसारखी लपवली. मात्र पुढे जे केलं ते आईनं नाही केलं. ते मी केलं, चांगली कळती सवरती झाल्यावर.

ते दिवस आठवतात का तुम्हाला? नवं धोरण आलं होतं, सगळं खुलं झालं म्हणत होते. गच्च्यांवर टीव्हीच्या तबकड्या उगवत होत्या, आणि ज्या गल्लीत शिवणक्लासचा बोर्ड होता तिथे कॉम्प्युटर क्लासचा लागत होता. घरातले शहाणे म्हणाले, बी.एड. कर. मी हार्डवेअरचा कोर्स केला. पुण्याच्या साठेसरांनी नामपल्लीला एक छोटी कंपनी काढली होती — लोकांची मशीनं वर्षाच्या करारावर सांभाळायची. त्यांनी मला घेतलं. मी मोपेडवर पिशवी अडकवून गावभर फिरायची. पिशवीत पेचकस — तुमच्या पुण्याकडे स्क्रू ड्रायव्हर म्हणतात तो — एक ब्रश, थोड्या फ्लॉप्या आणि डबा.

आणि दारात उभी राहिले की काय ऐकायची? "लेडीज को भेजे? कोई आदमी नहीं है क्या?" मराठी घरातही तेच, फक्त गोड आवाजात. मी मशीन उघडलं की मालक पाठीशी उभा. जणू मी त्याच्या म्हशीला हात लावतेय.

मग मी एक नाटक सुरू केलं. मोटारीचे मिस्त्री बघितलेत ना, लोखंडी कांब इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावतात? तसं मी पेचकसाचं टोक हार्डडिस्कच्या पत्र्याला टेकवायची आणि मूठ कानाला. हार्डडिस्क म्हणजे घट्ट बंद डबी, आत चकती फिरते आणि तिच्यावरून एक बारीक काटा सरकत सगळं वाचतो. डिस्क धडधाकट असली की एकसुरात घरघरते. बिघडायला लागली की काटा अडखळतो, मागे जातो, परत येतो — टक, टक. ती टकटक वेळेवर ऐकली तर माणूस आपलं सगळं काम दुसरीकडे उतरवून ठेवू शकतो. नाही ऐकली तर एक दिवस सगळं गेलं. परत आणायची सोय आमच्यासारख्यांकडे तेव्हा नव्हती.

आता विचारा — कुठला कान? डावा लावावा तर तो पेचकसाच्या मुठीनं बुजणार, आणि मग मालक मागून काय विचारतोय ते मला कळणार नाही. दोनदा हाक मारून उत्तर आलं नाही की झालं, मूठ उघडली. म्हणून पेचकस उजव्या कानाला. मेलेल्या कानाला! हाडातून थोडी घरघर डोक्यात पोचायची, खोटं कशाला बोलू, पण त्यातून टकटक वेगळी काढणं मला जमत नव्हतं. मी डोळे मिटून गंभीर चेहरा करायची. डावा कान मालकाकडे. तो बिचारा आपणहून सगळं बोलून जायचा — मशीन हळू झालंय, अमुक फाइल उघडत नाही. तेवढ्यावर मला अर्धा रोग कळायचा. उरलेल्या अर्ध्यासाठी फ्लॉपी घालून तपासणी लावायची, पडद्यावर चौकोन भरत जायचे, खराब जागेवर खूण उमटायची. तपासणीला वेळ लागतो, चहा होतो, आणि शेवटी मी निकाल सांगायची.

म्हणजे निदान खरं, नाटक खोटं. त्या नाटकाची मला आजही लाज वाटत नाही. मुलीच्या हातावर विश्वास नाही ना तुमचा? मग घ्या चमत्कार! बघता बघता नाव झालं. 'कानवाली मॅडम' म्हणायचे. साठेसर नव्या पोरांना सांगायचे, "नलूताईंचा कान म्हणजे मशीन आहे, शिका." मी शेफारले. कधीकधी तपासणी लावायचा कंटाळा करायला लागले. कान आहे ना!

विमलताई नल्लकुंट्याला राहायच्या. शाळेत टायपिस्ट होत्या, कायम नोकरी. ती सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर टाकला आणि युनिव्हर्सिटीतल्या मुलांचे प्रबंध टाइप करून द्यायला लागल्या. यजमानांचा कडाडून विरोध. "चालती नोकरी सोडून बाई दुकान मांडणार!" हे ते आल्यागेल्याला ऐकवायचे. दुकान बुडालं तर ते जिंकले, चाललं तर ताई जिंकल्या — सरळ हिशेब. आणि दुकान चाललं होतं हो! ताईंच्या हाताला शुद्ध टायपिंगची सवय, वेळेची पक्की बाई. माझ्यावर त्यांचा जीव. त्या घरी मी डबा कधी उघडलाच नाही, त्यांच्याकडेच गरम जेवायची.

नवरात्रात त्यांचा ऑफिसात फोन आला. "नलू, पंखा बंद केला की मशीनमधून टकटक ऐकू येते गं. एकदा येऊन तुझ्या कानानं ऐक. आणि जरा बरी साडी नेसून ये."

साडी का, ते तिथे गेल्यावर कळलं. बरकतपुऱ्याच्या एक बाई खुर्चीत बसल्या होत्या. एका मुलाची मावशी. ताईंनीच घाट घातला होता, स्थळ चांगलं होतं, मुलगा नोकरीत, आणि घरी आईचा चार दिवस कसला जप चालला होता तेही आता उलगडलं. ताईंना वाटलं, मुलगी काम करताना बघू दे, आवडेलच. माझ्या भल्यासाठीच केलं त्यांनी. यादगिरीही तिथेच होता — नलगोंड्याकडच्या खेड्यातून आलेला विद्यार्थी, त्याच्या घरातला शाळेची पायरी चढलेला पहिलाच. तलावांवर त्याचा प्रबंध होता आणि तो सगळा त्या डिस्कवर. मूळ हस्तलिखित होतं, पण गाईडनं सुचवलेल्या दुरुस्त्या ताई थेट पडद्यावर उतरवत गेल्या होत्या. दसऱ्याची सुट्टी संपली की दाखल करायचा, त्याच्या जोरावर कॉलेजातल्या जागेसाठी मुलाखतीला उभं राहायचं. तो मधूनमधून पडद्याकडे बघायचा, आजारी माणसाकडे बघावं तसा.

मी मशीन उघडलं. पेचकस टेकवला. उजव्या कानाला. आणि मावशींचा पट्टा सुरू झाला. हे असं घरोघर फिरावं लागतं का? साडेसातीत आहेस का? पुरणाची डाळ कुकरला लावतेस की पातेल्यात? डोळे मिटून, कानाला पेचकस लावून मी सांगतेय — पातेल्यात! तुम्ही हसा. मलाही हसू येतं.

शेवटी ताईंनाच राहवेना. त्या म्हणाल्या, "अहो, तिला ऐकू द्या जरा." पंखा बंद केला. मावशी गप्प झाल्या. घामानं डबडबलेली सगळी माणसं श्वास धरून माझ्याकडे बघत राहिली. यादगिरी हळूच म्हणाला, "वो देखो मॅडम. टक बोलरा." ताई म्हणाल्या, "ऐकलंस? मलाही ऐकू येतंय."

एकदा हात बदलायचा होता. पेचकस इकडून तिकडे. एवढंच! पण मावशी माझ्याकडे टक लावून बसलेल्या. कान का बदलला, हे विचारलं असतं तर? आणि डावा कान बुजवलेला असताना त्या परत काही बोलल्या असत्या तर? तपासणी लावायची तर संध्याकाळ झाली असती, आणि मावशींना मला त्यांच्या घरी चहाला न्यायचं होतं.

मी पेचकस काढला आणि म्हणाले, "ठणठणीत आहे. चकतीचा फिरण्याचा आवाज आहे तो. तुमच्या मनाचे खेळ, ताई."

ताईंनी तरी विचारलं. "मी काय म्हणते, सगळं फ्लॉप्यांवर उतरवून ठेवू का?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? काही नाही. पण हो म्हटलं असतं तर माझ्या कानावर माझाच भरवसा नाही असं झालं असतं. मी म्हणाले, "कशाला नव्या फ्लॉप्या वाया घालवता? मी सांगतेय ना." मावशी कौतुकानं म्हणाल्या, "मुलगी ठाम आहे हो." लग्न ठरलं ते त्या वाक्यावर, हे मला नंतर सासरी सांगण्यात आलं.

पुढचं तुम्हाला किश्शातून माहीत आहे, पण नीट ऐका. खंडेनवमीला आपण हत्यारं पुजतो — सुतार करवत पुजतो, शिंपी मशीन पुजतो. विमलताईंचं हत्यार कॉम्प्युटर. त्यांनी तो बंद केला, वायरी काढल्या, ओल्या फडक्यानं पुसला, यादगिरीला एका बाजूनं धरायला लावून चौरंगावर ठेवला. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. त्या दिवशी हत्याराला कामाला लावायचं नसतं, म्हणून दशमीला सोनं वाटून झाल्यावर जागेवर ठेवला आणि सुरू केला. आत टकटक, टकटक, मग पडद्यावर एक ओळ की डिस्क सापडत नाही.

उदबत्ती? नव्हती. ताईंनी मशीनजवळ उदबत्ती लावलीच नव्हती. तेवढी समज त्यांना होती.

मी डिस्क काढून नामपल्लीला नेली. वर्कशॉपमध्ये कुणी नव्हतं. डिस्क तिथल्या मशीनला जोडली, पेचकस टेकवला आणि डाव्या कानाला लावला, त्या डिस्कसाठी पहिल्यांदाच. सांगायला नको, इतकं स्पष्ट. तो आवाज एका दिवसाचा नव्हता, कित्येक दिवस काटा अडखळत असणार. आणि बंद मशीन सावकाश उचलून चौरंगावर ठेवल्यानं डिस्कला काही होत नाही, कुंकवाचा कण त्या बंद डबीत शिरत नाही, हे कोर्सच्या पहिल्या आठवड्यात शिकवतात. मला माहीत होतं. नक्की माहीत होतं.

सांगायलाच गेले होते मी नल्लकुंट्याला. हे तुम्ही मानू नका हवं तर. वाटेत वाक्यं जुळवत होते — ताई, त्या दिवशी माझ्याकडून नीट ऐकलं गेलं नाही. पायरीवर यादगिरी बसलेला, गुडघ्यात डोकं घालून. आत यजमान पेपर उघडून. ताई दारात उभ्या, पदराचं टोक मुठीत. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "पूजेनं झालं का गं? मी उचलून चौरंगावर ठेवलं, त्यानं झालं का? खरं सांग."

आयतं समोर आलं! पडत्या फळाची आज्ञा. मी काही रचलंसुद्धा नाही. मी फक्त म्हणाले —

हो.

म्हणाले, "हो ताई. हलवायला नको होतं."

आतून यजमान हसले. मोठ्यानं. "देव सोडून पत्र्याच्या डब्याला फुलं वाहिलीस, घे प्रसाद!" यादगिरीनं मान वर केली आणि ताईंकडे बघितलं. त्या नजरेनं ताई दाराला धरून खाली बसल्या. ती नजर माझी होती. माझ्या वाट्याची. मी ती ताईंच्या अंगावर जाऊ दिली आणि मोपेडला किक मारली.

यादगिरीचा प्रबंध ताईंनी दुसऱ्याच्या मशीनवर बसून परत टाइप केला. बोटं सुजली म्हणे. पण जेवढं आठवलं तेवढ्याच दुरुस्त्या त्यात आल्या, दाखल करायची मुदत गेली, मुलाखतही गेली. त्याचं पुढे काय झालं मला माहीत नाही. विचारलं नाही मी. युनिव्हर्सिटीत बोभाटा झाला की त्या बाईकडे काम देऊ नका, ती मशीनला हळद लावते. दुकान बसलं. खोलीत परत कॉट आली. विमलताई विद्यानगरला एका पोराच्या दुकानात पगारी टायपिस्ट म्हणून लागल्या. यजमान जिंकले.

आणि किस्सा? तो साठेसरांनी फिरवला. नव्या पोरांच्या बॅचपुढे, रंगवून. "तुमचे हैदराबादी मराठी लोक म्हणजे कमाल!" पोरं खदखदून हसायची. मी तिथेच उभी असायची, हुशार, कानवाली. एकदा सर म्हणाले, "तुम्ही तर होतात ना नलूताई, सांगा की." मी सांगितला. चांगला रंगला. त्यात उदबत्तीची राख मी घातली. हो, मीच. त्याआधी किश्शात राख नव्हती.

हे का केलं? घाबरले म्हणून? सुरुवातीला असेल. पण राख घालताना मला कसली भीती होती? टाळी हवी होती, बस्स. पुण्याच्या साहेबानं आपल्याला शहाण्यांत धरावं, अडाण्यांत नाही, एवढी हाव.

लग्न झालं. पहिल्या महिन्याभरात मी ह्यांना कानाचं सांगून टाकलं. हे म्हणाले, "एवढंच ना? मी घोरतो. डाव्या कुशीवर झोपत जा, काही ऐकू येणार नाही." संपलं! आयुष्यभर झाकून ठेवलेली मूठ, उघडली तर आत काही नाही. त्या दिवशी मी खूप हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. कशासाठी रडले ते ह्यांना आजही माहीत नाही.

मग मी लपवणं सोडलं. पुढे माझं स्वतःचं दुकान झालं, त्यात गिऱ्हाइकालाच सांगते, साहेब, ह्या बाजूनं बोला, तो कान बंद आहे. कुणाचं काही बिघडलं नाही. पेचकस कानाला लावणं कधीच सोडलं, तपासणी लावल्याशिवाय मशीन परत देत नाही, आणि उतरवून ठेवा, उतरवून ठेवा म्हणून गिऱ्हाइकांच्या डोक्याशी कटकट करते. ह्यात पुण्य बघू नका. हा धंदा आहे.

एक राहिलं. मघाशी मी असं सांगितलं, जणू त्या दिवशी टकटक मला कळलीच नाही. तेही पुरतं खरं नाही. पंखा बंद झाला, सगळे गप्प झाले, तेव्हा डावा कान मोकळा होता. त्याला पुसटसं काहीतरी आलं होतं. एकदा. मग परत एकदा. मला ऐकू आलं होतं, आणि ऐकू आल्यावर मी 'ठणठणीत' म्हणाले. आता कानाची सबबही गेली ना? जाऊ दे.

विमलताई अजून आहेत. नल्लकुंट्यालाच, यजमान गेले, लेकाबरोबर राहतात. खंडेनवमीला मला कुंकवाला बोलावतात, अजून. पाटावर कात्री, अडकित्ता, विळी, यजमानांचा जुना वस्तरा. विजेवर चालणारं काही म्हणून नसतं. मिक्सरवरसुद्धा त्या दिवशी चादर घालतात. "माझा हात लागू नये बाई," म्हणतात.

गेल्या खंडेनवमीला त्यांच्या नातीनं, ईरानं, आपला लॅपटॉप आणून पाटावर ठेवला. गच्चीबावलीला नोकरी करते, उत्साहात होती. "आजी, माझं हत्यार!" आजीनं असा काही हात मारला की झेंडूची फुलं उडाली. दोन्ही हातांनी तो लॅपटॉप उचलून छातीशी धरला. ईरा म्हणाली, "कम ऑन आजी, ती जुनी स्टोरी आहे, पूजेनं कुठे काही होतं?" ताई म्हणाल्या, "नलूला विचार. तिनं स्वतः ऐकलं होतं मशीन, चांगलं ठणठणीत होतं. माझ्या हातानं गेलं ते."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "ठेवा ताई. काही होत नाही त्यानं."

ताईंनी माझ्याकडे बघितलं. आणि अगदी हळू, नुसत्या ओठांनी म्हणावं तसं म्हणाल्या, "मग तेव्हा कसं झालं गं?"

मी मान थोडी वळवली. तबकातलं कुंकू नीट करायच्या निमित्तानं. उजवा कान त्यांच्या बाजूला आला.

ईरा आजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, नलूमावशींना त्या बाजूनं येत नाही ऐकू." ताई म्हणाल्या, "हो गं, विसरलेच." परत विचारलं नाही त्यांनी. लॅपटॉप आतल्या खोलीत नेऊन ठेवला आणि त्यावर चादर घातली.

प्रश्न मला ऐकू आला होता.